गंजीफ्रॉकवरचे आकडे

मार्च लागला की आमच्या साताऱ्याच्या घरासमोरच्या शाळेत परीक्षेचं केंद्र पडतं. सकाळी दहापासून कुंपणाच्या भिंतीला लागून आईबाप उभे राहतात. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या हातात पोरीची ओढणी. फाटकाशी मुलींची वेगळी रांग असते. एक बाई एकेकीला बाजूला घेऊन चाचपते आणि आत सोडते. मी त्या वेळी गॅलरीत कपडे वाळत घालत असते. ती रांग दिसली की हातातला चिमटा हातातच राहतो आणि मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध घामाची एक ओल येते. पन्नास वर्षं होत आली, ती जागा अजून बदललेली नाही.

आतले कपडे मी अजूनही टॉवेलखाली वाळत घालते. शेजारची सून हसते. "काकू, आता कोण बघतंय? सगळ्यांच्या गॅलरीत सगळं लटकतंय." खरं आहे तिचं. पण हाताला वळण पडलंय ते पलूसकडच्या माझ्या गावातलं. तिथं घरामागं आमच्या परड्यात दोरीवर आधी आतलं पडायचं, त्यावर लुगडं पडायचं, आणि ते लुगड्याच्या सावलीत दमट वासासकट कसंबसं वाळायचं. पुरुषांच्या नजरेला पडू नये हा एक नियम. दुसरा नियम असा, की त्याचं नाव घ्यायचं नाही. आई त्याला नुसतं 'आतलं' म्हणायची. "आतलं काढून आन गं, पाऊस येईल." बस, एवढंच.

पुरुषांच्या कपड्याला मात्र नाव होतं. म्हातारे बंडी घालायचे, शेतावर जाणारे पैरण. जे फौजेत जाऊन आले, त्यांच्या अंगात बंडीच्या जागी विणीचं, अंगाला चिकटणारं, पांढरं असं काहीतरी आलं. त्याला गाव गंजीफराक म्हणायचं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, फौजेत नाईक होते. ते बनेन म्हणायचे. वर्षातून दोन महिने रजेवर यायचे तेव्हा दारात खाटेवर गंजीफ्रॉक घालून बसायचे. उसाला पाणी पाजायलाही तेच घालून जायचे. त्यांचं वरचं आणि आतलं एकच असे, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नसे.

मी सांगलीला कॉलेजात गेले आणि माझ्यापुढं हा प्रश्न उभा राहिला. आमच्या घरातून, खरं तर आमच्या भावकीतूनच कॉलेजात जाणारी मी पहिली. आई गाठीची चोळी घालायची. तिला आतलं असं वेगळं काही ठाऊक नव्हतं. मला मात्र साडीवर पांढरं रुबियाचं ब्लाउज घालावं लागे, आणि रुबिया म्हणजे काचेसारखी. वर्गातल्या मुली ब्लाउजच्या आत बॉडी घालत. हा शब्दही मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. पलूसच्या बाजारात ती मिळायची, पण दुकानात आमच्या चुलत्यांची ऊठबस. आई दोनदा दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन पोलक्याचा खण घेऊन परत आली. तिसऱ्यांदा म्हणाली, "न्हाई बाई माझ्या तोंडातनं निगत."

मग तिनं एक धाडस केलं. अण्णांची लोखंडी पेटी उघडली. फौजीच्या पेटीला घरात कुणी हात लावत नाही. अण्णांचा तसा हुकूम नव्हता, पण आम्ही देव्हाऱ्यासारखं लांबून बघायचो त्या पेटीकडं. त्यातला एक जुना, धुऊन धुऊन पातळ झालेला गंजीफ्रॉक तिनं काढला, बगलेत दोन्हीकडून धरून शिवला आणि माझ्या अंगाला बसवला. मानेखाली पाठीवर त्याला काळ्या शाईच्या खुणा होत्या. आईनं सोड्यानं घासल्या, राखेनं घासल्या. "कसला डाग हाय गं ह्यो, जातच न्हाई," म्हणाली. आईला अक्षरओळख नव्हती. मला होती. तो डाग म्हणजे अण्णांचा फौजेतला नंबर, सात आकडे, आणि खाली दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. मी वाचलं, हसले आणि विसरून गेले. माझा शेपटा जाड होता, कमरेपर्यंत. तो पाठीवर असला की ते कुणाला दिसण्यातलं नव्हतं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मराठीच्या भाषाशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी परक्या शब्दांचा धडा घेतला. मेज, खुर्ची, तंबाखू असं चाललं होतं. मधेच ते म्हणाले, "तुमच्या अंगातलाच घ्या ना. गंजीफ्रॉक." मुलं हसली. आम्ही मुली वह्यांत तोंडं घालून बसलो. सर न हसता सांगत राहिले. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात गर्न्सी नावाचं एक लहानसं बेट आहे. तिथल्या कोळ्यांच्या बायका नवऱ्यासाठी लोकरीचे घट्ट विणीचे सदरे विणायच्या, म्हणजे समुद्रावरचा वारा अंगाला झोंबू नये. तो गर्न्सी फ्रॉक खलाशांच्या अंगावरून गावोगावच्या बंदरांत गेला, आपल्याकडं येईपर्यंत लोकरीचा सुती झाला आणि गर्न्सीची गंजी झाली. बनियनची गोष्ट उलटी. आपल्याकडच्या गुजराती वाण्यांवरून इंग्रजांनी त्यांच्या सैल अंगरख्याला ते नाव दिलं. मग तो शब्द साहेबाच्या घरात राहून आला आणि परत येताना आतला कपडा होऊन आला. आणि पैरण, जी आपण अगदी मातीतली समजतो, ती फारसीतून आलेली.

मी वहीत भराभरा लिहीत होते आणि माझ्या अंगात तेच होतं, ज्याच्याबद्दल सर बोलत होते. त्या बेटावरची कुठली तरी बाई, तिचे सुया धरलेले हात, आणि इकडं बगलेत टाके घालणारी माझी आई. दोघींनीही घरच्या माणसाला झाकण्यासाठीच हात चालवले होते. मला तो तास फार आवडला. परीक्षेत हा प्रश्न आला तर हेच उदाहरण लिहायचं हे मी तिथंच ठरवलं. कागदावर लिहायला लाज वाटत नाही. कागद कुणाकडं बघत नाही.

एप्रिलात परीक्षा आली. अण्णा तेव्हा रजेवर होते. रोज ते मला एस.टी.नं सांगलीला न्यायचे आणि पेपर संपेपर्यंत कॉलेजच्या आवारातल्या लिंबाखाली थांबायचे. गाडीत बसलं की विचारायचे, "नंबर सांग."

"चौदाशे बेचाळीस."

"तसा न्हाई. आकडा आकडा सांग."

"एक, चार, चार, दोन."

"हां. नंबर इसरलीस तर पेपर कुनाचा म्हनून तपासायचा त्यांनी?"

मला हसू यायचं. त्यांना नाही यायचं. घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. चुलते म्हणत होते, "किती शिकवायचं? परीक्षा झाली की बार उडवायचा." अण्णांनी एवढंच म्हटलं होतं, "पास हू द्या. मग बगू." पास झाले तर पुढं बी.एड.ला धाडायचं त्यांच्या मनात होतं. नापास झाले तर पुन्हा बसायचं नव्हतं. मला दुसरं वर्ष मिळणार नव्हतं, हे मला, आईला आणि अण्णांना न बोलता ठाऊक होतं.

त्या वर्षी कॉपीचा फार बोभाटा होता. शेवटच्या पेपराच्या आदल्याच दिवशी एका मुलाला बाहीच्या आत उत्तरं लिहिल्याबद्दल पकडलं होतं. तीन वर्षांची बंदी येईल म्हणून सगळे बोलत होते. शेवटचा पेपर भाषाशास्त्राचा. वर्गात पंखा नव्हता. छत पत्र्याचं. तासाभरात ब्लाउज पाठीला चिकटलं. मी शेपटा पुढं ओढून घेतला. एवढंच माझ्या हातून झालं.

दुसरा प्रश्न परक्या शब्दांचाच होता. मी बेटापर्यंत आले होते, आणि माझ्या मागं चपलांचा आवाज थांबला. पुढं जाईना. मी लिहीत राहिले, पण पेन जड झालं. माणूस मागं उभं आहे हे पाठीला कळतं.

"ऊठ," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. चष्म्याच्या, उंच, कडक म्हणून नाव असलेल्या बाई.

मी उठले. त्यांनी माझी उत्तरपत्रिका उचलली. मग माझ्या मागच्या बाकावरच्या शालनची उचलली. शालन माझी मैत्रीण, मिरजेची. ती घाबरून म्हणाली, "मी काय केलं, बाई?"

"तू वाचत होतीस. ही पाठीवर घेऊन बसलीय आणि तू वाचतीयस."

मला तेव्हा कळलं. शेपटा पुढं होता आणि ओल्या रुबियातून अण्णांचे आकडे दिसत होते.

बाईंनी मला मुलींच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पाठमोरं उभं केलं. ब्लाउज खांद्यावरून सरकवून त्यांनी एका कागदावर ते आकडे उतरवून घेतले. ठिपके आणि रेघही.

"हे कशाचे आकडे? पानांचे? ही खूण कसली?"

मी पदर छातीशी आवळून धरला.

"कपडा कुणाचा आहे हा?"

"अण्णांचा." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"वडिलांचा? तू वडिलांचा..." त्या थांबल्या. त्यांच्याही तोंडातून पुढचा शब्द आला नाही. आणि त्यांचा विश्वासही बसला नाही. कुणाचा बसेल? मुलगी बापाचं आतलं घालते, आणि त्याच्या पाठीवर आकडे लिहिलेले असतात!

त्यांनी मला मुख्य पर्यवेक्षक सरांच्या खोलीत नेलं. शालन तिथं भिंतीशी उभी राहून रडत होती. टेबलावर आमच्या दोन उत्तरपत्रिका, त्यावर दगडी पेपरवेट, आणि बाजूला कॉपी केल्याच्या कबुलीचा फॉर्म. सरांच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ. साडेबाराला पाच कमी.

"कुठं सापडलं?" सरांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "हिच्या... अंगावरच्या कपड्यावर, सर."

"पदरावर?"

"नाही."

"ब्लाउजवर?"

"नाही सर. त्याच्या..." बाईंनी खाली बघितलं. "आतल्या. वडिलांचा आहे म्हणते."

सरांनी एकदम खिडकीकडं तोंड केलं. खोलीत तीन बायका आणि एक पुरुष होतो, आणि एक शब्द कुणालाच उच्चारता येत नव्हता. मला तर त्याचा जन्म ठाऊक होता, गाव ठाऊक होतं, त्यानं केलेला प्रवास ठाऊक होता. टेबलावरच्या माझ्या पेपरात तो माझ्या अक्षरात चार ठिकाणी लिहिलेला होता. 'सर, हा माझ्या वडिलांचा गंजीफ्रॉक आहे आणि हा त्यांचा फौजेतला नंबर आहे.' एवढं वाक्य. माझ्या शिक्षणाची सगळी वर्षं त्या एका वाक्यावर आली होती आणि ते मला बोलता येईना.

"सही कर," सर फॉर्म पुढं सरकवत म्हणाले. "तुझ्या एकटीची चूक असेल तर निदान हिचं वर्ष तरी वाचेल."

मी शालनकडं बघितलं. पेन हातात घेतलं. खरं सांगते, मी सही करणार होते. न बोलण्यासाठी मी सही करणार होते.

सरांनाच काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "घरचं कुणी आलंय का बरोबर?"

"वडील आहेत. लिंबाखाली."

शिपाई गेला. अण्णा आले. इस्त्रीचा बुशशर्ट, खांद्यावर टॉवेल, पायात फौजेचे बूट. माझ्याकडं एकदा बघितलं, मग सरांकडं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

सरांनी बाईंनी आकडे उतरवलेला तो कागद हाताखाली झाकून धरला. "काय करता तुम्ही?"

"फौजेत हाय सायेब. नाईक."

"तुमचा नंबर सांगा."

अण्णांचे बूट जुळले. छाती बाहेर आली. कशासाठी विचारताय असं त्यांनी विचारलं नाही. नंबर, हुद्दा, नाव असं एका दमात, हजेरीला द्यावं तसं ते बोलले. सरांचं बोट कागदावर आकड्याबरोबर सरकत गेलं. शेवटचे चार आकडे मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. तीन, एक, शून्य, सात.

सरांनी कागद बाईंच्या पुढं केला. बाईंनी वाचला, चष्मा काढला आणि परत घातला.

"आणि ही खूण?" सरांनी कागद अण्णांना दाखवला.

"धोब्याची, सायेब. दोन ठिपकं आन् रेघ. आमच्या कंपनीच्या धोब्याची खून हाय ही." आणि मग ते थांबले. कागदाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. माझा शेपटा पुढं होता, खांदे आवळलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा एकही स्नायू हलला नाही. "माझ्या किटातला कपडा हाय. नंबर म्या लिवलाय, माझ्या हातानं. घरात आमी जुनी कापडं वापरतो." मग घड्याळाकडं बघून म्हणाले, "सायेब, पोरींचा टाइम चाललाय."

सरांनी फॉर्म उचलला, मधोमध फाडला. "जा. लिहा दोघी."

दारातून बाहेर पडताना बाईंनी मला थांबवलं. मला वाटलं, आता काय. त्यांनी माझा शेपटा हातात घेतला आणि हळूच पाठीवर टाकला. "असाच राहू दे," म्हणाल्या. पुढं मी स्वतः तीस वर्षं पर्यवेक्षण केलं. कुणाही मुलीवर संशय आला की मला आधी तो हात आठवायचा. त्या सरांचं आणि बाईंचं माझ्यावर केवढं ऋण आहे हे त्यांना कळलंसुद्धा नसेल. एक प्रश्न जास्तीचा विचारायला त्यांनी वेळ काढला. तेवढ्यावर माझी पुढची सगळी वर्षं उभी आहेत.

पंचवीस मिनिटं गेली होती. शेवटचा प्रश्न अर्धा राहिला.

परतीच्या गाडीत अण्णांनी नंबर विचारला नाही. खिडकीतून उसाची तुटलेली रानं बघत बसले. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसले होते. मला वाटत होतं, घरी गेल्यावर आईची धडगत नाही.

आई चुलीपुढं होती. अण्णा उंबऱ्यात बूट सोडता सोडता म्हणाले, "पेटी उगडली व्हतीस?"

आईच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली. "व्हय," ती म्हणाली. "डाग जाईना त्यावरचा. लय घासला."

"तो डाग न्हवं. माझा नंबर हाय तो."

"आवं, मला काय कळतंय?"

अण्णांनी दुसरा बूट काढून भिंतीशी ठेवला. मी आतल्या खोलीत ऐकत उभी होते.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि तोंड धुवायला परड्यात गेले.

त्यानंतर या विषयावर आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. आठ दिवसांनी अण्णांची रजा संपली. ते गेले त्या दुपारी मी पुस्तकं बांधून ठेवायला घेतली, तर वह्यांच्या खाली दोन नवे कोरे गंजीफ्रॉक घडी करून ठेवलेले. पेटीतले, त्यांच्या वाट्याचे. मी उलटून पाठ बघितली. कोरी होती. मग खालची शिवण उलटून बघितली. आतल्या बाजूला, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, त्याच काळ्या शाईनं, त्याच टपोऱ्या आकड्यांत लिहिलं होतं: एक, चार, चार, दोन.

मे महिना कसा गेला ते मला सांगता येणार नाही. अर्धा राहिलेला प्रश्न रोज माझ्याबरोबर विहिरीवर यायचा, रानात यायचा. चुलते एका स्थळाची पत्रिका घेऊन येऊन गेले. आई म्हणाली, "निकाल लागू द्या." तिला निकाल म्हणजे काय हे कळत होतं का, कोण जाणे, पण तिनं पत्रिका हातात घेतली नाही.

जूनमध्ये एका सकाळी पलूसच्या एस.टी.नं वर्तमानपत्र आलं. त्या काळी निकाल पेपरात यायचा. नावं नसायची, नुसते नंबर, मुंग्यांच्या रांगेसारखे. मी अंगणात पान पसरलं, आणि मला काही दिसेना. डोळ्यांपुढं आकडे हलत होते. बोट ठेवावं तिथून निसटत होते. चुलते कट्ट्यावर बसून बघत होते. "हाय का न्हाई?" म्हणून दोनदा विचारून झालं.

"सर बाजूला," आई म्हणाली. ती आत गेली आणि माझा गंजीफ्रॉक घेऊन आली. त्याच्या शिवणीतला आकडा कसला, हे अण्णांनीच तिला सांगितलं असणार. दीर समोर बसलेला असताना, गल्लीतनं माणसं येत-जात असताना तिनं तो अंगणात पानाशेजारी पसरला, शिवण उलटली, एक बोट शाईवर ठेवलं आणि दुसरं पेपरातल्या पहिल्या रांगेवर. जिला आकडा आणि डाग यातला फरक कळत नव्हता, ती बाई एकेक आकृती ताडून बघत खाली सरकत होती. हा न्हवं. ह्यो बी न्हवं. मी तिच्या बोटाकडं बघत होते. तिसऱ्या रांगेत ते थांबलं. पुन्हा शिवणीकडं गेलं, पुन्हा पेपराकडं आलं.

"ह्यो आन् ह्यो," ती म्हणाली, "येकच हाय का न्हाई बग."

एकच होता.

आईनं काहीच केलं नाही. पान घडी करून देवाजवळ ठेवलं. अंगणात पसरल्यानं गंजीफ्रॉकला माती लागली होती, तो तिनं धुतला, पिळला आणि परड्यात न नेता दारातल्या दोरीवर, रस्त्याच्या बाजूला वाळत घातला. वर लुगडं टाकलं नाही.